समोरच्या बाजूचं देणं

दोन हजारांच्या दंडासाठी कोर्टात जाणारा माणूस आमच्या भोंगवली-सारोळ्याच्या पट्ट्यात शहाणा समजला जात नाही. मोबाइलवर चलनाचा मेसेज आला की लोक आधी शिवी घालतात, मग लोक अदालतीची वाट बघतात आणि गाडी विकायची वेळ आली की निमूट पैसे भरतात. एरवी मीही तेच केलं असतं. मी कोर्टात गेलो आणि त्यापायी माझ्यावर तीन माणसांचं देणं झालं. त्यातल्या दोघांचं थोडंफार तरी फिटलं. तिसरा माणूस खटल्यात माझ्या विरुद्ध बाजूला उभा होता, आणि त्याचं देणं फेडायला गेलो असतो तर तो आणि मी दोघंही गोत्यात आलो असतो.

तेव्हा मी पिकअप चालवायचो. संध्याकाळी वस्त्यावस्त्यांवरून माल गोळा करायचा, घेवडा, टोमॅटो, वांगी, ज्याचं जे असेल ते. रात्री गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गाळ्यावर उतरवायचा. सकाळी आडत्याकडच्या पट्ट्या आणि रिकामे क्रेट घेऊन परत यायचं. पट्टीवरचा आकडा कमी निघाला की शेतकरी आडत्याला सोडून माझ्याकडंच बघायचा, जणू भाव मीच वाटेत कुठं तरी सांडून आलो. ह्या रात्रपाळीनं पाठ गेली होती, झोप गेली होती. घरचे म्हणत होते, दिवसाचं काम बघ. महामार्गालगतच्या एका शाळेला बसवर ड्रायव्हर पाहिजे होता. बोलणी जवळजवळ झाली होती. कागद नेऊन द्यायचे होते, त्यात एक अट होती: वेगाचं एकही चलन नको.

ही अट त्या शाळेनं मनानं घातलेली नव्हती. नोव्हेंबर १९९७ मध्ये दिल्लीत वजीराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं एम. सी. मेहता खटल्यात दिल्लीच्या वाहतुकीबद्दल आदेश दिले. अतिवेगासाठी एकदाही चलन झालेला ड्रायव्हर शाळेच्या बसवर नको, हे त्यातच होतं. तिथून ते कलम शाळांच्या नियमावल्यांत उतरलं. अट मला तेव्हाही योग्यच वाटली. माझी दोन लेकरं अशाच बसनं जात होती.

आणि नेमकं तेव्हाच चलन आलं. ठिकाण महामार्ग, कापूरव्होळ ओलांडून किकवीच्या अंगाला. वेळ सकाळची. वेग १०४, मर्यादा ८०. केंद्राच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला १०० पर्यंत मुभा आहे, पण मालवाहू गाडीला ८० च्या वर नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ११२ आणि १८३, रक्कम दोन हजार. फोटोत माझी पिकअप समोरून, नंबर स्वच्छ, काचेमागं मी.

माझी गाडी १०४ नं जाणं शक्य नव्हतं, हे मला माहीत होतं. ऑक्टोबर २०१५ नंतर बनलेल्या मालवाहू गाड्यांना वेगनियंत्रक लावलेला असतो, ८० ला बांधलेला. माझी गाडी त्यानंतरची. ८० ला काटा टेकला की पाय कितीही दाबा, गाडी पुढं धावत नाही, नुसती कुरकुरते. पण आपल्याला माहीत असणं आणि कागदावर असणं यात काय अंतर असतं, हे पुढं कळायचं होतं.

गावात ज्याला विचारावं तो म्हणे, भरून टाक. एकजण म्हणाला, "कोर्टात दोन हजार वाचवायला जाशील आन् चार हजाराचं भाडं बुडवशील." हिशेब चुकीचा नव्हता. फक्त त्या हिशेबात शाळेची नोकरी धरलेली नव्हती.

भोरला कचेरीच्या आवारात अर्ज लिहून देणारे एक अण्णा बसायचे. आमच्याच गावाकडचे, माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. खातेफोड, वारसनोंद, प्रतिज्ञापत्र, बाँड, सगळं त्यांच्याकडं व्हायचं. मी रात्रभर जागून दोन पानं लिहून नेली होती. त्यात माझी गाडी, माझी सचोटी, माझ्या आजोबांची वारी, सरकारचा अन्याय, रस्त्यावरचे खड्डे, सगळं होतं. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून ती वाचली आणि बाजूला ठेवली.

"हे किर्तन कुणाला ऐकवायचंय?"

मी गप्प.

"चलन म्हंजी शिक्षा न्हाई, लेका. आरोप आहे. पैसे भरलेस की तडजोड झाली, विषय मिटला. नसतील भरायचे तर एवढंच लिहायचं: आरोप मान्य नाही. आन् मग सोबत तीन कागद मागायचे. मशीन तपासल्याचा दाखला, मूळ फोटो, आणि तो फोटो कंप्युटरमधनं काढला त्याचं प्रमाणपत्र. तुझी गोष्ट कुणी मागितलेली न्हाई. मागतील तवा सांग."

माझ्या दोन पानांच्या जागी त्यांनी सहा ओळी टाइप केल्या. पुढं वकिलांकडून कळलं की त्या सहा ओळी म्हणजे मोटार वाहन नियमांतला १६७-अ होता. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेला हा नियम सांगतो की कॅमेरा असो की स्पीडगन, उपकरणाला मान्यतेचा दाखला पाहिजे आणि तो दरवर्षी नव्यानं घेतला पाहिजे. जिथं असं उपकरण लावलंय तिथं आधी फलक पाहिजे. नोटीस पंधरा दिवसांत पोचली पाहिजे. चलनासोबत गुन्हा आणि नंबर दोन्ही दिसतील असा फोटो, यंत्राचं मोजमाप आणि पुरावा कायद्याच्या ६५-ब खालचं प्रमाणपत्र पाहिजे. आता पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, १ जुलै २०२४ पासून ते कलम ६३ झालं, मागणी तीच. अण्णा जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेले. एवढं त्यांना कुठून ठाऊक, असं विचारलं तर म्हणाले, "इथं झाडाखाली बसलं की कायदा अंगावर गळतो."

टायपिंगचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. "जिंकलास तर दे," म्हणाले. नंतर त्यांच्या नातीच्या लग्नात मंडपाचं आणि भांड्यांचं सगळं सामान माझ्या पिकअपनं वाहिलं, डिझेलचेही पैसे घेतले नाहीत. त्यावरून ते माझ्याशी दोन दिवस अबोला धरून होते. तेव्हा तेवढं फिटलं असं मी धरतो.

त्यांनीच तालुका विधी सेवा समितीचं दार दाखवलं. १९८७ च्या कायद्यानं स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतली माणसं यांना, आणि महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असलेल्या कुणालाही फुकट वकील मिळतो. आमच्यातले निम्मे लोक त्यात बसतात आणि त्यातल्या बहुतेकांना ते माहीत नसतं. मला मिळाल्या त्या वकीलबाई वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. इतक्या किरकोळ खटल्यासाठी आलोय याची मलाच लाज वाटत होती. त्यांनी पहिल्याच भेटीत चलनावरचा फोटो मोबाइलवर मोठा केला, आणखी मोठा केला, आणि विचारलं, "दादा, ही शेजारची गाडी कुणाची?"

तो फोटो मी कितीदा बघितला होता! पण मी त्यात फक्त स्वतःला बघत होतो. माझ्या उजव्या हाताला, अर्धी चौकटीबाहेर गेलेली, एक पांढरी कार होती. मला ओलांडून पुढं निघालेली. तिची नंबरप्लेट फोटोत आलीच नव्हती.

मग बाईंनी लेझरगनचं गणित सांगितलं. ती डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे झटके सोडते. ते गाडीवर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं, आणि अंतर किती भराभर कमी होतंय त्यावरून वेग. मात्र किरण जेवढा लांब जाईल तेवढा रुंद होत जातो. म्हणून दोन गाड्या जवळजवळ असतील तर नेम कुणावर होता, हे महत्त्वाचं. फोटोत नेमाची एक बारीक खूण उमटलेली असते. आमच्या हातातल्या मोबाइलवरच्या धुरकट प्रतीत ती दिसतच नव्हती. मूळ फोटो लागणार होता. अण्णांनी तो आधीच मागून ठेवला होता.

त्यांनी मला कलम १८३ चं तिसरं पोटकलमही वाचून दाखवलं. एकट्या साक्षीदाराच्या नुसत्या अंदाजावर कुणाला वेगाच्या गुन्ह्यात दोषी धरता येत नाही, तो अंदाज एखाद्या यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक साधनावर आधारलेला असला पाहिजे. मला ते फार आवडलं. इंग्लंडात १८९६ मध्ये वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या माणसाला मोटार वेगानं हाकल्याबद्दल पकडलं होतं, दोन मैलांची मर्यादा असताना ताशी आठ मैल, आणि पकडणारा शिपाई सायकलवरून पाठलाग करत गेला होता. दंड एक शिलिंग. वेगाचा गुन्हा जन्मला तोच असा, एकाच्या पायाच्या दमावर. पण कायद्यानं माणसाच्या डोळ्यावर अविश्वास दाखवून यंत्रावर विश्वास ठेवला, आणि आता माझ्यासारख्याला यंत्रावर अविश्वास दाखवायला पुन्हा माणसाचा डोळाच लागणार होता.

आधी लोक अदालत झाली. तिथं तडजोड झाली तर झाली, निवाड्यावर अपील नाही. नाही झाली तर प्रकरण कोर्टात परत. आमच्या टेबलावरचे गृहस्थ समजावून सांगत होते, रांग मोठी होती, मागचे लोक माझ्याकडं रागानं बघत होते. मी "मान्य नाही" म्हणालो आणि बाहेर आलो. बाहेर उभ्या असलेल्या एका रिक्षावाल्यानं मला पाणी दिलं, जणू मी कुठून तरी पडून आलो होतो.

मग तारखा. त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही, ज्यांनी कोर्ट बघितलंय त्यांना सांगायला नको. भोंगवलीहून सारोळ्याला यायचं, महामार्गानं कापूरव्होळ, तिथून आत वळून भाटघरच्या धरणाखालून भोर. पुकारा होईपर्यंत बाकावर बसायचं. आमचं भोर म्हणजे १९४८ पर्यंत पंत सचिवांचं संस्थान. बाकावरचे म्हातारे अजून संस्थानी न्यायाच्या ऐकीव गोष्टी सांगतात आणि प्रत्येक गोष्टीत निकाल त्याच दिवशी लागलेला असतो. साक्षीदार हजर नाही, साहेब रजेवर, सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात, अशी कारणं ऐकत मी शाळेला थांबवून ठेवलं होतं. त्यांनी ते मानलं, तेही एक देणंच, पण त्याचा हिशेब मी आता बस चालवून देतो.

गुन्हा कबूल आहे का, असं विचारल्यावर मी नाही म्हणालो. कधी नव्हे तो माझा आवाज एवढा बारीक निघाला की साहेबांनी पुन्हा विचारलं.

साक्षीला आले ते रस्त्यावरच्या पथकातले हवालदार. पन्नाशीच्या पुढचे, कडक इस्त्री, हातात फाइल. त्यांनी सगळं सांगितलं, तारीख, वेळ, ठिकाण, यंत्र, वेग. तोंडपाठ नव्हतं, कागद बघून बघून सांगितलं. बाईंनी वेगनियंत्रकाचा दाखला दाखवला. सरकारी वकील हसून म्हणाले की हे नियंत्रक लोक तारा काढून बंद करून ठेवतात, रस्त्यावर हे सर्रास चालतं. खरं होतं ते. मला कसं नाकारता येईल, मी अशा गाड्या बघितल्यात. दाखल्याचं वजन तिथंच निम्मं झालं.

मग बाईंनी मूळ फोटो त्यांच्यापुढं ठेवला.

"यात किती वाहनं दिसतात?"

"दोन."

"नेमाची खूण दिसते का?"

"दिसते."

"कुठल्या वाहनावर आहे?"

हवालदारांनी खिशातून दुसरा चष्मा काढला. फोटो जवळ धरला, लांब धरला, खिडकीच्या उजेडाकडं वळवला. सरकारी वकील खाकरले. मला तेव्हा वाटलं, आता हे म्हणणार, पिकअपवर. म्हणाले असते तर आम्ही काय करणार होतो? वाद घातला असता, पण शपथेवरचा शब्द पोलिसाचा, यंत्र सरकारचं, आणि नंबर माझा.

"साहेब," ते न्यायाधीशांकडं बघून म्हणाले, "खूण दोन्हींच्या मधी आहे. थोडी कारच्या अंगाला."

"मग १०४ हा वेग कुणाचा?" बाई.

"खात्रीनं न्हाई सांगता यायचं."

तेवढंच. त्यांनी फाइल मिटली, सही केली, सलाम केला आणि गेले. माझ्याकडं बघितलंही नाही. यंत्राच्या वार्षिक दाखल्यावर पुढं थोडी बोलाचाली झाली, पण खटला त्या एका वाक्यावर संपला होता हे सगळ्यांना कळलं होतं. संशयाचा फायदा देऊन मला सोडलं. मला थोडं खटकलं, वाटलं होतं निकालात ठणकावून लिहितील की हा माणूस सावकाशच चालला होता. बाई म्हणाल्या, "कोर्टाला ते ठरवायचंच नव्हतं, दादा. गाडी घरी न्या."

बाईंची फी समितीनं दिली, आणि ती किती असते हे ऐकून मलाच वाईट वाटलं. त्यांच्याकडं मी माणसं पाठवतो. लोक अदालतीच्या दिवशी सुट्टी असली तर मी भोरला जाऊन बसतो, ज्यांना चलनाचा मेसेज वाचता येत नाही त्यांना वाचून देतो. भरण्यासारखं असेल त्याला भरायलाच सांगतो. हेल्मेट नसताना काढलेल्या फोटोवर अण्णासुद्धा काही करू शकत नाहीत.

राहिले हवालदार. माझ्या मनात होतं की किलो-दोन किलो आंबेमोहोर, नाहीतर घेवड्याचा एक क्रेट त्यांच्याकडं पोचवावा. बाईंनी झटकन अडवलं. मोटार वाहन कायदा १९८८ चा आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदाही १९८८ चाच. २०१८ च्या दुरुस्तीपासून देणाराही त्यात गुन्हेगार ठरतो. "तुम्ही त्यांचं भलं करायला जाल आणि लोक म्हणतील, साक्ष का फिरली ते आता कळलं." यावर बोलायला जागाच नव्हती. साधे आभार मानायचे तरी ठाण्यात जाऊन मानायचे, आणि तेही त्यांच्या वरिष्ठांपुढं, ज्यांचं चलन त्यांच्या तोंडून पडलं होतं. त्यांना त्या उत्तराबद्दल कुणी काही बोललं का, मला कळायला मार्ग नव्हता.

आपल्याकडं उपकाराची एक रीत आहे. कुणी औत दिलं तर आपण बैल देतो, कुणी लग्नात राबलं तर त्याच्या घरच्या दहाव्याला आपण सगळ्यात आधी उभे राहतो. देणं फिरत राहतं. ह्या माणसाचं देणं मात्र तुंबलं. त्यानं माझ्यावर उपकारही केला नव्हता, विचारलं ते सांगितलं होतं. मला वाचवायचं म्हणून सांगितलं असतं तर ते माझ्या कामाचंच नव्हतं.

जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या वाहतूकदारांनी ई-चलनाविरुद्ध संप केला. आमच्यातले बरेच त्यात होते, मलाही फोन आले. यंत्राच्या चुका, जुनी थकलेली चलनं, एकाच फेरीत दोनदा दंड, या तक्रारी मला पटतात. पण "कॅमेरेच काढा" म्हणणाऱ्यांत मी नाही. सारोळ्यापासून शिवापूरपर्यंतच्या रस्त्यावर रस्ता ओलांडताना गेलेली माणसं आमच्या प्रत्येक गावात आहेत. आता माझ्या मागं चाळीस पोरं बसलेली असतात आणि शेजारून कार सुसाट जाते तेव्हा मलाच वाटतं, कुणीतरी नेम धरा रे हिच्यावर, पण नीट धरा. त्याच वर्षी वेग मोजणाऱ्या रडार यंत्रांना वैधमापनशास्त्राचे नियम लागू झाले. मार्केट यार्डातल्या काट्याला जे खातं तपासून शिक्का मारतं, तेच आता ह्या यंत्रांनाही तपासून मारणार. आडत्याच्या काट्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला ही बातमी वाचून जरा बरं वाटलं.

मध्यंतरी किकवीला टपरीवर बस बाजूला लावून चहा घेत होतो, पोरं सोडून झाली होती. शेजारी टोपी-धोतरातल्या पाहुण्याशी बोलत एक गृहस्थ उभे. साध्या शर्टात ओळखायला वेळ लागला. मी नमस्कार केला, भोरच्या कोर्टाची आठवण करून दिली. त्यांना माझा चेहरा आठवेना. मग म्हणाले, "दोन गाड्यांचा फोटो? तो व्हय! पिकअपवाला तूच का?"

"व्हय साहेब."

"रिटायर झालो आता. साहेब कशाला."

मी बोलायला सुरुवात केली, तुमच्यामुळं ही नोकरी, तुमच्यामुळं हे सगळं. ते मधेच म्हणाले, "नवीन चष्मा होता रे, दिसलं ते सांगितलं. बसला गव्हर्नर चालू आहे ना? का तार काढून ठेवली?" आणि पाहुण्याला हात करून निघालेसुद्धा.

रिटायर झालेल्या माणसाला चहा पाजायला आता कुठल्या कायद्याची हरकत नव्हती. मी घाईनं खिशात हात घातला.

"ऱ्हाऊ द्या," टपरीवाला म्हणाला. "आबांनी तुमचाही देऊन टाकलाय."

म्हणजे त्या देण्यात आणखी दहा रुपये वाढले.